दगड मारून उडवलेल्या पक्ष्यांचे फोटो मला पाठवू नका

सकाळपासून डोकं तापलंय. बेळगावजवळच्या राकसकोप तलावावर गेले होते. वारं असं सुटलं होतं की डोक्यावरचा स्कार्फ हातानं धरून चालावं लागत होतं. अशा दिवशी मोकळ्या पाण्यात फारसं काही दिसत नाही, पक्षी काठाचा आडोसा धरतात. एका वळणात गवताला चिकटून हळदी-कुंकू बदकं बसली होती. सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडे, कारण पाठ फिरवली की पिसं उलटतात आणि आतली ऊब जाते. शेजारी एक वंचक बगळा मान खांद्यात घालून गप्प. मी लांबच थांबले.

तेवढ्यात मोठ्या लेन्सवाले दोघं आले. एकानं कॅमेरा रोखला, दुसऱ्यानं सरळ दगड भिरकावला. अख्खा थवा वाऱ्यात!

"ओ, काय करालाय हे?" म्हटलं, तर म्हणतो, "बसलेला फोटो कोण बघतंय ओ? परत येत्यात की."

कुठली परत येताहेत! तास झाला तरी ते वळण रिकामंच होतं. थंडीत दिवसभर खाऊन जमवलेल्या ताकदीवर पाखराला रात्र काढायची असते. ती यांच्या एका फोटोपायी उधळायची? वारकरी नावाच्या पाणपक्ष्यांना तर पाण्यावरून धावत गेल्याशिवाय उडताच येत नाही. ती धावपळ फोटोत छान दिसते म्हणून त्यांनाही असंच पळवतात.

फोटोंमुळं पोरंबाळं पक्षी ओळखायला लागली, हे मान्य. पण म्हणून दगड?

घरी आले तर परड्यातही तेच वारं. जास्वंदीच्या फांदीला इवलासा शिंजीर पक्षी लटकलेला, फूल हेलकावे खातंय आणि हा पायांची पकड न सोडता चोच आत घालतोय. बुलबुलांची जोडी कढीपत्त्याच्या आत, अंग फुगवून. धुण्याच्या दगडापाशी धोबी पक्षी शेपटी हलवत किडे टिपत होता. हिमालयाकडून येतो हा एवढासा जीव, आमच्या मोरीच्या पाण्यावर हिवाळा काढायला. चहा गार झाला तरी दारातून उठवेना.

आणि परत तो दगड आठवला.

धुपदाळला घटप्रभा पक्षी अभयारण्य आहे. अभयारण्यात वन्यजीवांना छेडायला १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं बंदी आहे. राकसकोप अभयारण्य नाही, म्हणून तिथं वाटेल ते करायचं? बेळगाव ज्या तलावाचं पाणी पितं, तिथं चार बदकांना निवांत बसू द्यायला कायदा कशाला लागतो?

आपल्या पक्षी बघणाऱ्यांच्या ग्रुपवर यापुढं उडत्या थव्याचा फोटो आला की मी विचारणार, आपणहून उडाले की उडवले? राग आला तर येऊ दे.

रविवारी धुपदाळला जातेय. कांड्या करकोचे दिसले तर नशीब. गाडीत तिघांना जागा आहे. दुर्बीण माझ्याकडे आहे, स्वेटर आपापला आणा.