आधी मागच्या बाकावर बसू द्या

नाशिकमध्ये सकाळचे सात वाजतात तेव्हा टेक्सासात आमचे आदल्या रात्रीचे साडेआठ झालेले असतात. दादाची फोन करायची हीच वेळ. परवा त्याच्याकडे दोन विषय होते. भाची यंदा बारावीला. शिक्षिका व्हायचंय म्हणते, आणि चार वर्षांच्या इंटिग्रेटेड बी.एड.साठी एनसीईटी या प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरायचाय, तर भरू का? दुसरा विषय वहिनींचा. दिंडोरी तालुक्यातल्या झेडपीच्या शाळेवर त्यांची बावीस वर्षं झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालामुळे, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ असलेल्या शिक्षकांना दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास होणं भाग आहे. म्हणून सत्तेचाळिसाव्या वर्षी त्या गाइड घेऊन बसल्यात. ‘‘बालमानसशास्त्र पाठ करतेय हो, ताई,’’ असा मागून त्यांचा आवाज आला.

एकीनं शिकवायला म्हणून वर्गात अजून पाऊल ठेवलेलं नाही, दुसरी बावीस वर्षं वर्गातच आहे. आणि दोघींपुढे प्रश्न एकच: दिलेल्या चार पर्यायांपैकी अचूक पर्याय निवडा.

शिक्षक कोणी व्हावं, याबद्दल आपल्याकडे चाललेले वाद मी इतकी वर्षं इथून ऐकतेय. सगळे वाद दारावरच्या पहाऱ्याचे. २०१० च्या अधिसूचनेनं टीईटी आली. २०१७ मध्ये ‘टेट’ ही अभियोग्यता चाचणी आली आणि शिक्षकभरतीचं पवित्र पोर्टल आलं. एका वर्षाचं बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचं झालं. आता २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार २०३० पर्यंत चार वर्षांचं बी.एड. हीच किमान पात्रता व्हायची आहे. पहारा नको असं मी म्हणत नाही. आपल्याच राज्यात सरकारचा विरोध डावलून २९१ डी.एड. कॉलेजांना मान्यता मिळाली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि त्यातून शिक्षक-प्रशिक्षणाची तपासणी करायला न्यायमूर्ती वर्मा आयोग नेमला गेला. पुढे टीईटीतल्या गैरप्रकारात ७,८८० उमेदवार अपात्र ठरले. एवढं झाल्यावर पहारेकरी ठेवू नका असं कोण म्हणेल?

पण दाराबाहेर उभ्या असलेल्या सतरा वर्षांच्या पोरीला आत नेऊन, ‘हे बघ, असं असतं हे काम, जमेल का?’ असं विचारायची सोय या सगळ्यात कुठेच नाही. मला तरी कोणी विचारलं नव्हतं.

मी डी.एड. केलं १९९६ ते ९८, नाशिकलाच. बारावीला मार्क चांगले पडले होते, मुलीच्या जातीला बरी नोकरी, अर्धा दिवस घरी, असा तो निर्णय झाला. माझा होकार वगैरे घरात कोणी मागितला नाही आणि मलाही तो द्यायचा असतो हे सुचलं नाही. तेव्हा डी.एड.ला नंबर लागणं ही मिरवायची गोष्ट होती, पेढे वाटले होते. मग आमचे सराव पाठ सुरू झाले. जुन्या नाशकातल्या एका मनपा शाळेत, मेन रोडवरून आणलेल्या कार्डशीटवर तक्ते काढून, टाचण वही छातीशी धरून आम्ही उभ्या राहायचो. प्रस्तावना, हेतुकथन, विषय विवेचन, संकलन, गृहपाठ. प्रत्येक पायरीला मिनिटं ठरलेली.

एक पाठ अजून आठवतो. चौथीचा वर्ग, विषय नदी. मी प्रस्तावनेचा प्रश्न टाकला, ‘आपल्या गावातून कोणती नदी वाहते?’ ‘गोदावरी’ एवढंच उत्तर टाचणात होतं. एक पोरगं उठून म्हणालं, ‘‘बाई, दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं की आमचं दुकान वरच्या गल्लीत हलवतात.’’ (दुतोंड्या मारुती म्हणजे गोदेच्या पात्रातली मूर्ती, पाणी तिच्या कुठवर चढलं यावरून नाशिककर पूर मोजतात.) वर्ग खदखदायला लागला, आणखी चार हात वर झाले. मागे निरीक्षक बसलेले, घड्याळ चालू. मी ‘‘छान, बस खाली’’ म्हणाले आणि हेतुकथनाकडे गेले. नदीवरचा सगळा पाठ त्या पोराच्या तोंडून आला असता. माझ्या वहीत शेरा पडला: ‘पाठ चांगला झाला. फलक लेखन सुधारावे.’ मैत्रिणीच्या वहीतही तोच होता, फक्त फलक लेखनाच्या जागी ‘आवाज’ होता. एकमेकींचे पाठ बघून लिहायच्या निरीक्षण वह्या तर आम्ही एकमेकींच्या समोर ठेवून होस्टेलवरच भरायचो.

त्यानंतर पाच वर्षं एका खासगी शाळेत शिकवलं. साठ-पासष्ट मुलांचा वर्ग. रोज संध्याकाळी डोकं दुखायचं. मला वाटायचं, सगळ्यांचंच दुखत असणार.

२००६ ला लग्नानंतर टेक्सासला आले. पहिली अनेक वर्षं व्हिसामुळे घरी, मग वर्क परमिट मिळालं तेव्हा पुन्हा शाळेचाच विचार मनात आला, कारण दुसरं काही येतच नव्हतं. जवळच्या कम्युनिटी कॉलेजात एक कोर्स घेतला. त्याचं नाव मराठीत सांगायचं तर ‘अध्यापन व्यवसायाची ओळख’. टेक्सासभरच्या कम्युनिटी कॉलेजांत तो एकाच क्रमांकाखाली, एज्युकेशन १३०१ म्हणून, शिकवला जातो. तीन क्रेडिटचा, पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात घ्यायचा. शिक्षक व्हायचं ज्यांच्या मनात आहे त्यांच्यासाठी तो आहे. शाळांचा पैसा कुठून येतो, कायदा काय म्हणतो, मुलाची माहिती कोणाला सांगायची नाही, असलं सगळं त्यात असतं. त्यातलं निम्मं मी विसरले. विसरले नाही ती त्यातली अट: किमान १६ तास प्रत्यक्ष शाळेत, चालू वर्गात जाऊन बसायचं.

आधी पोलीस तपासणीचा फॉर्म. मग शाळेच्या ऑफिसात ओळखपत्र दाखवून छातीवर स्टिकर. मग वर्गात मागे एक बुटकी खुर्ची, आणि हातात तासांचा तक्ता, ज्यावर वर्गशिक्षिकेची सही. शिकवायचं नाही. बघायचं आणि लिहायचं.

पहिल्याच टिपणात मी, अनुभवी बाई, लिहिलं: ‘खिडकीजवळच्या मुलाचं लक्ष नव्हतं.’ आमच्या प्राध्यापिकेनं ‘लक्ष नव्हतं’ला गोल केला आणि बाजूला लिहिलं: तुम्हाला कसं कळलं? काय दिसलं ते लिहा. मला राग आला. पाच वर्षं वर्ग सांभाळलाय, एवढं कळत नाही का? दुसऱ्या खेपेला त्या मुलाकडेच बघत बसले. तो दर दोन-तीन मिनिटांनी शेजारणीच्या वहीत डोकावत होता, मग खिडकीकडे बघून ओठ हलवत होता. शब्द वाचता येत नव्हते म्हणून शेजारणीचं वाक्य पाठ करून लिहीत होता. त्याच्याइतकं लक्ष त्या वर्गात कोणाचंच नसेल.

डॅन लॉर्टी नावाच्या समाजशास्त्रज्ञानं १९७५ साली लिहून ठेवलंय की शाळा संपेपर्यंत प्रत्येक विद्यार्थ्यानं साधारण १३,००० तास शिक्षकांना काम करताना पाहिलेलं असतं. म्हणून प्रत्येकाला वाटतं, शिकवणं म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक आहे. पण ते पाहणं बाकावरून असतं. नाटक रोज पाहिलं म्हणून विंगेत काय चालतं ते कळत नाही. त्या १३,००० तासांची बाधा उतरवायला हे १६ तास, आणि माझ्या बाबतीत ते पुरले.

कोर्सच्या शेवटी आमच्यातल्या काही जणांनी शिक्षक व्हायचा विचार सोडला. एक उंचापुरा मुलगा फुटबॉलचा कोच व्हायला आला होता. इकडे शाळेतल्या कोचला बहुधा एखादा विषयही शिकवावा लागतो. सातवीच्या इतिहासाच्या वर्गात चार तास बसल्यावर तो म्हणाला, मी अकाउंटिंग बघतो. प्राध्यापिकेचा चेहरा पडेल असं मला वाटलं. तिनं त्याचं अभिनंदन केलं. मनापासून केलं, औपचारिक नाही.

आणि मला, डी.एड. आणि पाच वर्षांच्या अनुभवानंतर, एक्केचाळिसाव्या वर्षी कळलं की मला पूर्ण वर्ग नकोच आहे. मला तो खिडकीजवळचा मुलगा हवा आहे. आज मी एका प्राथमिक शाळेत वाचनात मागे पडलेल्या तीन-तीन मुलांच्या गटांसोबत मदतनीस म्हणून काम करते. पगार वर्गशिक्षिकेपेक्षा बराच कमी. दादा अजून नातेवाईकांना सांगताना ‘मदतनीस’ हा शब्द गिळतो. पण संध्याकाळी डोकं दुखत नाही.

आता इथे ‘बघा अमेरिका’ असं म्हणायची पाळी येते, तर ते मी म्हणणार नाही. ज्या राज्यात हा इतका शहाणा कोर्स आहे, त्याच टेक्सासमध्ये अलीकडच्या वर्षांत नव्यानं नेमलेल्या शिक्षकांपैकी जवळपास एक तृतीयांशांकडे शिकवायचं प्रमाणपत्रच नव्हतं. पहारेकरी झोपलेला नाही, त्याला घरी पाठवलंय, कारण आत यायला कोणी तयार नाही. शिक्षकांना संप करायला कायद्यानं बंदी. वर्गातल्या खडू-कागदाला पदरचे पैसे घालावे लागतात हे तर सरकारनंच मान्य केलंय: शिक्षकानं केलेला असा खर्च ठरावीक मर्यादेपर्यंत केंद्रीय आयकरात उत्पन्नातून वजा होतो. वहिनींनी शाळेच्या भिंती स्वतःच्या पैशानं रंगवल्या, त्यांना तेवढीही वजावट मिळाली नाही, हे खरं. पण वर्गातली बाई खिशात हात घालणार हे दोन्हीकडे गृहीतच धरलेलं.

हे सगळं मी त्या रात्री दादाला उत्साहानं सांगितलं. वहिनींनी फोन हातात घेतला. ‘‘ताई, तुमच्या त्या मुलाला अकाउंटिंग होतं. इथे काय आहे? दहा वर्षं विनाअनुदानितवर काढलेली माणसं आझाद मैदानात बसतात. शिक्षणसेवकाचं मानधन सहा हजारांचं सोळा हजार व्हायला २०२३ उजाडलं, आणि तरी त्या जागेसाठी किती जण रांगेत आहेत ते बघा. बघून ठरवायची चैन कोणाला परवडते? मिळेल ते धरायचं.’’

मी गप्प बसले, कारण त्या बरोबर होत्या. जिथे नोकरीच मिळत नाही तिथे ‘तुला हे काम आवडेल का’ हा प्रश्न पोट भरलेल्यांचा वाटतो. पण फोन ठेवल्यावर मला वाटलं, रांग लांब आहे म्हणूनच तर हा प्रश्न आधी विचारायला हवा. ज्या मुलीनं चार वर्षं आणि घरच्यांचे पैसे घातलेत, मग टीईटी, मग टेट, मग पवित्रवर नावाची वाट पाहिली आहे, ती नोकरी लागल्यावर कशी म्हणेल की मला हे काम सोसत नाही? ती तीस-पस्तीस वर्षं रोज डोकं दुखवून घेईल, आणि तिच्यासमोर बसलेल्या मुलांचं काय होईल ते मी माझ्या त्या साठ-पासष्टांना आठवून सांगू शकते. इंटिग्रेटेड बी.एड. वाईट नाही, विषयाची पदवीही हातात पडते. माझी तक्रार वयाबद्दल आहे. सतराव्या वर्षी चार वर्षं बांधून टाकण्याआधी सोळा तास तरी दाखवा.

हे करायला नवा आयोग लागत नाही. नव्या धोरणाप्रमाणे नाशिकच्या कॉलेजांत आता बी.ए., बी.एस्सी.ला ओपन इलेक्टिव्ह आलेच आहेत. दोन क्रेडिटचं प्रात्यक्षिक म्हणजे ६० तास. त्यातले चाळीस शाळेत घालवा: काही सीबीएस बस स्टँडजवळच्या मनपा शाळेत, काही गंगापूर रोडच्या इंग्रजी माध्यमात, काही पेठ-सुरगाण्याकडच्या अशा शाळेत जिथे पोरं घरी वेगळीच बोली बोलतात. बाकी वीस तास काय पाहिलं त्यावर भांडायला. फक्त दोन गोष्टींची मला धास्ती आहे. एक, शाळा त्या पोरांना बदली शिक्षक म्हणून वर्गावर ढकलतील, बी.एड.च्या छात्राध्यापकांना विचारा, आंतरवासितेत, म्हणजे इंटर्नशिपमध्ये, काय होतं. दुसरी, ‘मॅडम, सगळ्या तासांची एकदमच सही द्या ना.’ आमच्या होस्टेलवर भरलेल्या निरीक्षण वह्या मी विसरलेले नाही.

भाचीला मी फॉर्म भर म्हणाले, तारीख चुकवू नको. आणि वहिनींना विनंती केली, तिला एक शनिवार सोबत न्या.

सकाळची शाळा. दोघी स्कूटीवरून पावणेसातला दिंडोरी नाक्यावरून गेल्या. दुपारी भाचीचा लांबलचक व्हॉइस मेसेज आला. दुसरीतिसरीचा एकत्र वर्ग होता. तिनं मुलांचं फारसं काही सांगितलंच नाही. तिनं मोजलं होतं, आई किती वेळा वर्गाबाहेर गेली ते. नऊ वेळा. दोनदा खिचडीचा तांदूळ, एकदा कोणाचा तरी दाखला, चारदा तालुक्यावरून ‘माहिती तातडीने पाठवा’चा फोन, एकदा पडलेलं पोर, एकदा का गेली ते कळलं नाही. ‘‘आत्या, आणि दर वेळी परत आली की फळ्यावर जिथे थांबली होती तिथूनच सुरू करायची. ती घरी अशी नाहीये गं.’’

पुढच्या शनिवारी पुन्हा येऊ का, असं तिनं आईला विचारलंय. वहिनी म्हणाल्या, ये, पण रिकाम्या हातानं नको, येताना डिंकाच्या दोन बाटल्या घेऊन ये, माझ्या संपल्यात.