मराकेशचा गालिचा, मंडईतली मेथी

दिवाळी जवळ आली की आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो निरोप न चुकता येतो. फुटपाथवर पणत्या विकणाऱ्या आजींशी घासाघीस करू नका, मॉलमध्ये करता का? खाली जोडलेले हात. मे महिन्यात त्याच ग्रुपवर बँकॉकचे फोटो येतात आणि त्याखाली लिहिलेलं असतं, "बाराशे सांगत होता, तीनशेला आणली." बऱ्याचदा दोन्ही पाठवणारी माणसं तीच असतात.

जर्मनीत राहायला आल्यापासून या वादात मला तिसराच मुद्दा दिसायला लागलाय. विकणारा गरीब की श्रीमंत, यावरच आपण अडून बसतो. वस्तूबद्दल कुणाला किती ठाऊक आहे, हे कुणी विचारतच नाही.

ईस्टरच्या सुट्टीत आम्ही मोरोक्कोतल्या मराकेशला गेलो. जमा अल-फ्ना चौकातून सूक सेमारीनमध्ये (सूक म्हणजे तिथला बाजार) शिरलं की दोन्ही बाजूंनी हाका सुरू होतात. भारतीय चेहरा दिसला की "शाहरुख खान! अमिताभ!" त्यात नवल नाही. २०१२ साली तिथल्या चित्रपट महोत्सवाने हिंदी सिनेमाच्या शंभरीचा सोहळाच केला होता. आधी पुदिन्याचा चहा येतो, मग गालिचे उलगडायला लागतात. आणि तुम्ही काय बघताय हे तुम्हाला अजिबात कळत नसतं. "कॅक्टस सिल्क" म्हणून दाखवतात ते कापड बहुतेक वेळा साधं व्हिस्कोज, म्हणजे कारखान्यातलं कृत्रिम रेशीम असतं. केशराच्या नावाखाली करडईच्या पाकळ्याही खपतात. गालिच्याची लोकर हाताने कातलेली की गिरणीची, रंग झाडपाल्याचा की डब्यातला, हे दुकानदाराला पक्कं माहीत असतं आणि आपल्याला काहीही नसतं.

क्लिफर्ड गीर्ट्झ या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने मोरोक्कोतल्याच सफ्रू गावच्या बाजाराचा अभ्यास केला. अशा बाजारात माहितीचीच टंचाई असते आणि घासाघीस ही ती मिळवायची रीत आहे, असं त्याने १९७८ साली मांडलं. दुकानात उभं राहिल्यावर ते पटतं. नवऱ्याने पिवळ्या बाबूश, म्हणजे तिथल्या बिनटाचेच्या चामडी सपाता, उचलल्या. दुकानदार किती भराभर खाली येतोय, कुठल्या आकड्याला अडतोय, आपण निघालो की हाक मारतोय की नाही, यावरूनच खरा भाव कुठे असेल त्याचा अंदाज येत गेला. तिथे भाव न करता पैसे मोजणं हा मला काही मोठा परोपकार वाटत नाही. दुकानदाराला तर तो बावळटपणाच वाटतो. मात्र आपण बोललेल्या आकड्याला तो "हो" म्हणाला, तर वस्तू घ्यायची. घ्यायचं नसेल तर भाव करू नये, हे आपल्याकडेही घरोघरी शिकवलेलं असतं.

"जास्त पैसे दिले तर गरिबाच्या घरात जातात" हा निरोपातला युक्तिवाद तर तिथे पारच गळपटतो. गालिचे विणतात त्या ॲटलासच्या डोंगरातल्या बायका. व्यापारी तो माल आठवडी बाजारातून आधीच उचलून नेतो आणि विणणारीचे पैसे तेव्हाच चुकते झालेले असतात. मराकेशच्या दुकानात मी शंभर दिऱ्हाम जास्त दिले काय किंवा कमी दिले काय, तिला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यापेक्षा मोहम्मद पाचवा रस्त्यावरचं सरकारी कारागीर संकुल बरं वाटलं. ठरलेले भाव, आणि बरेच कारागीर तिथेच बसून काम करताना दिसतात. काही वस्तू सूकपेक्षा थोड्या महाग, पण विचारलं तर उत्तर बनवणाऱ्याकडूनच मिळतं.

आता "परदेशात बघा, एकच भाव, कटकट नाही" म्हणणाऱ्यांसाठी. जर्मन माणूस दुकानात घासाघीस करत नाही हे खरं, पण तो काही उपजत गुण नव्हे. १९३३ च्या कायद्याने इथल्या दुकानदाराला सर्वसाधारण गिऱ्हाइकाला ३ टक्क्यांहून जास्त रोख सूट द्यायला बंदी होती. तो कायदा गेला २००१ साली. सवय मात्र राहिली. तरी हीच माणसं किचन बसवून घेताना अशी काही घासाघीस करतात की तुळशीबागेतल्या काकूंनी बघत राहावं! कारण मराकेशचंच. किचनची खरी किंमत गिऱ्हाइकाला कळायला मार्ग नसतो.

मग मंडईतल्या मेथीचं काय? तिथे लपलेलं काही नाही. सकाळी मार्केट यार्डात काय भाव फुटला ते रांगेतल्या सगळ्यांना ठाऊक, आणि शेजारच्या टोपलीत तीच जुडी त्याच भावाला. मेथी ताजी आहे की नाही ते मला डोळ्यांनी दिसतं. अशा ठिकाणी पाच रुपये पाडून मला नवीन काय कळणार? एवढंच, की संध्याकाळी सात वाजता भाजीवाल्या मावशींना घरी जायची किती घाई झालीय. म्हणून मी तिथे भाव करत नाही. दया येते म्हणून नव्हे. दयेची गरज त्यांनाही नसते. कढीपत्ता वर टाकताना किंवा भवानीचं गिऱ्हाईक म्हणून रुपया सोडताना त्या बरोबरीनेच वागत असतात. आणि टोमॅटो वर चांगले, खाली मऊ असले, तर मीही बिनदिक्कत बोलते.

जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही, तेव्हा इथल्या मराठी ओळखीपाळखीत संतापाची लाट होती. मीही संतापलेच. आपल्या या चपलेला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे. पुढे महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या सरकारी चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. आपल्याकडेच बनवलेले २,००० जोड साधारण ८०० युरोंना विकणार, असं प्राडाने जाहीर केलं. आठशे युरोंवर कुणी घासाघीस करणार नाही, काचेच्या दरवाजाआड ती सुचतही नाही. आणि कोल्हापूरच्या चप्पल लाईनमध्ये? कापशीचा हाताने शिवलेला जोड हातात घेऊन "शेवटचं काय ते सांगा" म्हणणारी मंडळी माझ्याच घरची आहेत.

डिसेंबरात सासूबाई येणार आहेत आणि मैत्रिणींनी चार जोड मागवलेत. भाव करा, असं मी त्यांना सांगितलंय. फक्त आकडा बोलायच्या आधी कातडं कुठलं, कमावलं कशात आणि शिवलं कुणी ते विचारा. गल्ल्यावरच्या माणसाला सांगता आलं नाही तर खुशाल निम्म्याला मागा. सांगता आलं, किंवा आतून शिवणारालाच बोलावून घेतलं, तर तो म्हणेल ते देऊन या. मैत्रिणींकडून मी तेवढेच घेणार आहे, युरोत.