पोपटी पायलट

भरिताचं वांगं घ्यायचं तर मला अर्धा तास लागतो. मोठं, हिरवट, पण हातात घेतल्यावर हलकं लागलं पाहिजे; जड म्हणजे आत नुसत्या बिया. देठ बघायचा, कीड बघायची, चार नाकारायची आणि पाचवं घेताना पुन्हा पहिलं उचलायचं. भाजीवाली शेवटी म्हणतेच, "घ्या ना भाऊ, लगीन लावनं शे का त्याना संगे?" अशा माणसाने २,८०० रुपयांचं जुनं घड्याळ मोबाइलवर फोटो बघून नक्की केलं.

कारण हळवं होतं. माझ्या वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, मनगटावर एचएमटीची पायलट असायची. काळी डायल, चावीचं मशीन. उन्हाळ्यात आम्ही घराच्या धाब्यावर, गच्चीवर झोपायचो. लाइट गेली की गावभर अंधार, आणि त्या अंधारात पायलटचे काटे हिरवे चमकायचे. ते घड्याळ पुढे कुठे गेलं कुणास ठाऊक. अण्णा ऐंशीचे होताहेत, तर तसंच एक आणून त्यांच्या हाताला बांधावं, एवढीच इच्छा. पण नवं मिळणार कुठून? १९६१ साली जपानच्या सिटिझनचा हात धरून बंगळुरात सुरू झालेला हा घड्याळांचा संसार. २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायचं ठरवलं. म्हणजे आता पायलट हवी तर ती कुणाच्या तरी कपाटातूनच निघायला हवी. आणि बघतो तर काय, अख्ख्या देशाच्या कपाटांतून धडाधड पायलटी निघत होत्या.

पहिला भेटला तो जवान. म्हणजे तो म्हणाला जवान. बदली झालीय, सामान काढतोय. मी काही विचारायच्या आत त्याने वर्दीतला फोटो, ओळखपत्र आणि कँटीनचं कार्ड पाठवलं. आता, घड्याळ विकणारा माणूस घड्याळापेक्षा स्वतःचेच फोटो जास्त का पाठवतो, ही शंका वांग्याच्या बाबतीत मला नक्की आली असती. इथे मी 'जय हिंद' लिहिलं. पार्सल म्हणे लष्कराच्या गाडीने येणार. १,१५० रुपये आधी भरायचे, घड्याळ हातात पडलं की ते परत. भरले. मग आणखी १,१५०, कारण आधीचे 'सिस्टीममध्ये अडकले'. तेही भरणार होतो, तेवढ्यात बायकोने फोन काढून घेतला. पैसे गेल्या गेल्या १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवलं तर ते पुढे सरकायच्या आत अडवता येण्याची शक्यता असते, हे तिला माहीत होतं. मला तर जवानाची काळजी वाटत होती. बिचारा सीमेवर, नेटवर्क नसेल. दोन दिवस मी वाट पाहिली. तोवर पैसे सीमेपार झाले होते.

मग मी शहाणा झालो. यापुढे आगाऊ एक पैसा नाही, समोरासमोर भेटायचं. शिवाय फोटो मागताना काटे चार वाजून सतरा मिनिटांवर लावून, बाजूला माझं नाव लिहिलेली चिठ्ठी ठेवून मागायचा. ही युक्ती खरोखर चांगली आहे. दुसऱ्याचे फोटो उचलून धंदा करणारे तीन जण या चार-सतरालाच गळाले. एकाने तर 'काटे आत्ता झोपलेत' असं कळवलं.

चौथ्याने मात्र फोटो पाठवला. चार-सतरा, चिठ्ठी, सगळं. मी धन्य झालो. समोर घड्याळ आहे एवढंच त्या चिठ्ठीने सिद्ध होतं, घड्याळ कसलं आहे हे नाही, हे तेव्हा सुचलं नाही. धुळ्याच्या बसस्टँडवर भेटायचं ठरलं. मे महिना, दुपारचे दोन. डोक्याला उपरणं गुंडाळून मी उसाच्या रसाच्या गाडीपाशी उभा. मुलगा सज्जन दिसत होता. "आजोबांची आहे काका. त्यांनी कधी घातलीच नाही, डबीतच होती." एवढ्यात त्याचे डोळे भरून आले. माझेही. पायलट अगदी नवीकोरी होती, आणि पोपटी होती.

"रंग?" मी विचारलं.

"स्पेशल एडिशन."

मी रसाचे पैसेसुद्धा दिले.

घरी बायकोने ती उन्हात धरली आणि म्हणाली, "आजोबांना हा रंग आवडायचा?"

आमच्या गल्लीतले घड्याळवाले मामा डोळ्यात भिंग अडकवून बसलेले असतात. त्यांनी पायलट हातात घेतली, उलटी केली, पातीने मागचं झाकण उचकटलं, आत पाहिलं, मग डायल पाहिली आणि भिंग काढून माझ्याकडे दिलं. "देखा." मी पाहिलं. साध्या डोळ्यांना सरळ दिसणारी अक्षरं भिंगाखाली फुगली होती, शाई कडेला पसरली होती. '१७ ज्वेल्स'ची ओळ एका बाजूला झुकलेली. मिनिटांच्या रेघा कुठे दाट, कुठे विरळ. पोपटी रंगाखाली एका कोपऱ्यात मूळ डायलचा काळा ठिपका डोकावत होता, लग्नघरातल्या रंगवलेल्या भिंतीतून जुना चुना दिसावा तसा.

"रंगाडेल शे," मामा म्हणाले. "डायल घासी टाकी, रंग मारा, छाप मारा. केस नवी, काटे नवे, चावी नवी. खिचडी."

"आणि मशीन?"

"मशीन खरी शे. पण पायलटनी का जनतानी, कोन सांगी? दोन्हीस्मा एकच बसस." जनता म्हणजे एचएमटीचंच दुसरं घड्याळ. मग थोडं थांबून मामांनी विचारलं, "पैसा देवाना पहिले झाकन काब्र नही उघाडं?"

खरंच, का नाही उघडलं? मुलाचे डोळे भरून आले होते. तशात 'जरा झाकण उघडून दाखव' कसं म्हणायचं? मला वाटतं, आजोबा हा त्या घड्याळाचा सगळ्यात महागडा भाग होता. तोही नवाच बसवलेला.

आता घेतलीच आहे तर देऊन टाकू, म्हणून मी ती अण्णांकडे नेली. डोळ्यांनी त्यांना आता नीट दिसत नाही, हे एका अर्थी बरंच झालं. त्यांनी चावी दिली, बोटांनी काच चाचपली, घड्याळ कानाला लावलं आणि बराच वेळ तसेच बसले.

"आवाज तोच शे," ते म्हणाले.

माझा गळा दाटून आला. "तुमच्या पायलटसारखी आणली अण्णा."

अण्णांनी घड्याळ कानापासून दूर केलं. "मन्ही पायलट कव्हय व्हती रे? मन्ही जनता व्हती. पायलट तुन्हा काकानी."

त्या रात्री बायको झोपल्यावर मी मोबाइल उघडला. जनता, पांढरी डायल, वडिलांची आठवण, अडचणीमुळे विकणे आहे. मी लिहिलं, "भाऊ, अजून आहे का?"