म्हणे मोबाईलने मेंदू खुंटतो!

‘भाऊजी, घरून काम करताना मी त्याला व्हिडिओ लावून द्यायचे. त्यानेच झालं का हो हे?’

वहिनींचा हा मेसेज रात्री साडेअकराला आला. तीन वर्षांच्या पुतण्याला ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, असल्याचं निदान होऊन महिनाही झालेला नाही, आणि घरच्या ग्रुपवर कुणीतरी तो फॉरवर्ड टाकला. तुमच्याकडेही फिरत आला असेल. ‘ऑटिझम आईच्या दुर्लक्षाने होतो. पहिल्या दोन वर्षांत मोबाईल दाखवला की मेंदूची वाढ खुंटते. लशीतला पारा मेंदूत साचतो. जन्मतःच एमआरआय केला तर कळतं. डिटॉक्सने तीन महिन्यांत मूल नॉर्मल होतं.’ शेवटी ‘प्रत्येक आईपर्यंत पोहोचवा’. पोहोचला बरोबर, नेमका नको त्या आईपर्यंत.

‘वाढ खुंटते’ हेच आधी घेऊ. थापच मारायची तर निदान दिशा तरी बरोबर धरायची! २०१७ साली ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात संशोधक हेदर हॅझलेट आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. थोरल्या भावंडाला ऑटिझम आहे अशी १०६ बाळं आणि घरात तसं कुणी नसलेली ४२ बाळं त्यांनी घेतली. सहाव्या, बाराव्या आणि चोविसाव्या महिन्यांत, बाळं झोपलेली असताना, त्यांच्या मेंदूचे एमआरआय केले. पहिल्या गटातल्या १५ मुलांना दोन वर्षांच्या वयात ऑटिझमचं निदान झालं. या मुलांच्या मेंदूच्या बाहेरच्या थराचं क्षेत्रफळ सहा ते बारा महिन्यांत इतरांपेक्षा वेगाने वाढलं होतं, आणि दुसऱ्या वर्षी मेंदूचं एकूण आकारमानही. म्हणजे वाढ खुंटणं सोडाच, ती जास्तच झाली होती. प्रत्येक मुलात असं दिसत नाही, कितीतरी मुलांच्या डोक्याचा घेर अगदी सर्वसाधारण असतो. पण फॉरवर्डमधल्या गोष्टीशी याचा दुरूनही संबंध नाही.

आणि सुरुवात त्याही आधीची. २०१४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये मृत्यूनंतर दान मिळालेल्या मेंदूच्या ऊतींचा एक छोटा अभ्यास आला. ऑटिझम असलेल्या ११ पैकी १० मुलांच्या बाह्य थरात पेशींची रचना ठिकठिकाणी विस्कटलेली दिसली. ऑटिझम नसलेल्या ११ पैकी एकातच तसं होतं. हे थर गर्भात रचले जातात. पोटातल्या बाळाला कोणत्या आईने मोबाईल दाखवला, ते फॉरवर्डवाल्याने सांगावं. लिओ कॅनर या मानसोपचारतज्ज्ञाने ऑटिझमचं वर्णन करणारा निबंध १९४३ साली लिहिला. त्यातल्या ११ मुलांच्या घरी कोणता स्मार्टफोन होता, तेही सांगावं.

आईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करण्याची ही खोड तेव्हापासूनची आहे. ‘थंड, माया न लावणाऱ्या आईमुळे ऑटिझम होतो’ असं डॉक्टरमंडळी कित्येक वर्षं बिनदिक्कत सांगत होती. ते कधीच मोडीत निघालं. आता थंडपणाच्या जागी मोबाईल आला, आई तीच.

वहिनींचा पुढचा प्रश्न होता, ‘पण आधी तो बाबा म्हणायचा, मग बंद झालं.’ काही मुलांत असं होतं. आलेले शब्द साधारण दुसऱ्या वर्षात मावळतात. नेमक्या त्याच वयात मूल मोबाईल हातात घ्यायला लागतं, लशीही त्याच सुमारास असतात. दोन गोष्टी एका वेळी घडल्या की आपलं मन लगेच गाठ मारतं.

एक मान्य करतो, नाइलाजाने. तान्ह्या मुलाला तासन्‌तास स्क्रीनसमोर बसवणं वाईटच. बोलणं उशिरा येण्याशी त्याचा संबंध दिसलेला आहे. मोबाईल कमी करा, मुलाशी बोला, जरूर. पण ‘कमी करा’ आणि ‘तूच केलंस’ यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

लशीबद्दल दोनच वाक्यं. लशीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा, १२ मुलांवरचा १९९८ चा निबंध ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला, आणि डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या तेव्हा गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीचा ऑटिझमशी संबंध आढळला नाही. त्या लशीत पारा कधी नव्हताच. जन्मतःच्या एमआरआयचं म्हणाल, तर हॅझलेटच्या गटालाही कोणत्या बाळाला पुढे ऑटिझमचं निदान होईल याचा अंदाज बांधायला सहाव्या आणि बाराव्या महिन्याचे स्कॅन लागले होते. आजही निदान मुलाच्या वागण्या-बोलण्यावरूनच होतं.

राहिलं डिटॉक्स. इथे मात्र माझा तोल सुटतो. शरीरातले जड धातू काढण्याच्या नावाखाली ऑटिझमच्या मुलांना किलेशनची औषधं दिली गेली आहेत. २००५ मध्ये अमेरिकेत पाच वर्षांच्या मुलाला ते शिरेतून दिलं, रक्तातलं कॅल्शियम कोसळलं आणि हृदय बंद पडून तो गेला. जो गर्भातच वेगळा घडत गेला, त्या मेंदूतून धुऊन काढायचं तरी काय? फॉरवर्डखालची लिंक एका पावडरीची होती. डब्यावर त्यात काय आहे तेही धड लिहिलेलं नव्हतं.

वहिनींनी तिची ऑर्डर देऊन टाकली होती. रात्री बारा वाजता आम्ही ती रद्द केली. सोमवारी स्पीच थेरपीचं पहिलं सेशन आहे.