पँटोमाइम मुका नव्हता

युवक महोत्सवाच्या तालमी सुरू झाल्या की माईम करणाऱ्या पोरांच्या मोबाइलवर तोच मजकूर फिरू लागतो: पँटोमाइम म्हणजे शब्दांविना नाटक, पांढरा चेहरा ही त्याची मूळ खूण, सगळा खेळ चेहऱ्यावरच्या हावभावांचा, आणि भाषाच नसल्यामुळे तो जगात कुणालाही कळतो. चारही दावे लंगडे आहेत.

पहिला घोळ शब्दाच्या अर्थातच आहे. ग्रीक 'पँटोमिमोस' म्हणजे सगळ्याची नक्कल करणारा. मौनाचा त्यात उल्लेखही नाही. इ.स.पू. २२ च्या सुमारास पिलादीस आणि बाथिलस या नर्तकांनी रोममध्ये हा प्रकार गाजवला. नर्तक एकटा, मुखवट्याचं तोंड मिटलेलं, पण सोबत गायकवृंद कथा गात असे. आपल्याकडची कथकळी आठवा. नट बोलत नाही, पदं मागचे गायक म्हणतात. म्हणजे शब्द रंगमंचावर असतातच, नटाच्या तोंडी नसतात एवढंच. आणि इंग्लंडमधला आजचा नाताळचा 'पँटो'? गाणी, बाईच्या वेषातला पुरुष आणि 'मागे बघ, मागे!' म्हणून किंचाळणारी पोरं. कान किटतात.

पांढरा चेहरा लोकप्रिय केला तो एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसच्या दब्युरो या मूकनटाने, फ्युनाम्ब्युल थिएटरात. त्या थिएटरला सुरुवातीला संवादी नाटकाचा परवाना नव्हता, हेही सांगायला हवं. तिथलं मौन कलेइतकंच कायद्याचं होतं. विसाव्या शतकातला प्रसिद्ध माईम कलाकार मार्सेल मार्सो, त्याचं 'बिप' हे पांढऱ्या चेहऱ्याचं पात्र तर थेट १९४७ चं.

हावभावांचं म्हणाल, तर मार्सोचे गुरू एत्येन दक्रू नटाचा चेहरा कापडाने झाकत. काम सगळं अंगाचं. नसलेली भिंत दाखवायची तर तळहात सैल येतो, बोटं किंचित वाकलेली. टेकला की झटक्यात सपाट होतो. मग धड पुढेमागे सरकतं, हात तसूभर हलत नाही. हलला की भिंत पडली.

राहिला 'कुणालाही कळतो'. याच्या बाजूने ल्युशियन या प्राचीन ग्रीक लेखकाचा एक किस्सा आहे: काळ्या समुद्राकाठच्या पाँटसहून आलेल्या एका राजाला गाणी कळेनात, पण नर्तकाचं सगळं कळलं, त्याने रोमन सम्राट नीरोकडे तो नर्तकच दुभाषा म्हणून मागितला. किस्सा झकास आहे. पण ख्रिस्ती संत ऑगस्टिन उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज शहराचं वेगळंच सांगतो. तिथे हे नर्तक पहिल्यांदा नाचले, तेव्हा कोण काय दाखवतोय ते दवंडीवाला लोकांना ओरडून सांगत होता. आणि आपल्या काळातही नवखा माणूस आत शिरला, तर शेजाऱ्याने समजावल्याशिवाय त्याला काही उमगत नाही, असं ऑगस्टिन पुढे लिहितो.