पहिला कोण, हे ठरलं, मग पुढे?

मे महिना लागला की आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन तट पडतात. ३ मेला नाशिकचा मामा 'राजा हरिश्चंद्र'चं पोस्टर टाकतो आणि फाळक्यांना भारतरत्न कधी, असा सवाल करतो. १८ मेला पुण्याचा आतेभाऊ उत्तर देतो: दादासाहेब तोरण्यांचा 'पुंडलिक' १९१२ चा, वर्षभर आधीचा, त्याचं काय? मग ठरलेले मुद्दे येतात. ते तर नुसतं नाटक कॅमेऱ्यात टिपलेलं, कॅमेरामन इंग्रज, फिल्म धुतली लंडनला. अरे पण दाखवलं गिरगावातल्या त्याच कॉरोनेशन थिएटरात ना! मी इथे अमेरिकेत, बरबँकला, उठून चहा टाकेपर्यंत ऐंशी मेसेज झालेले असतात.

यंदा मी मध्येच लोइस वेबर या मूकपटांच्या काळातल्या अमेरिकन दिग्दर्शिकेचं नाव टाकलं. कुणालाच माहीत नव्हतं. त्यात त्यांची चूक नाही. युनिव्हर्सल स्टुडिओ माझ्या घरापासून गाडीने दहा मिनिटांवर आहे, भारतातून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी तिथे नेते, आणि मलाही ही बाई परवापरवापर्यंत ठाऊक नव्हती.

फाळक्यांच्या 'हरिश्चंद्रा'त तारामती झाले अण्णा साळुंके, कारण सिनेमात उभी राहायला बाई मिळेना. त्याच १९१३ साली लोइस वेबरने 'सस्पेन्स' नावाचा दहा मिनिटांचा चित्रपट केला. लिहिला तिने, नायिका ती, दिग्दर्शन नवरा फिलिप्स स्मॉलीसोबत तिचंच. घरात एकटी आई आणि तान्हं मूल, दाराशी भटक्या, फोनवर ऑफिसातला नवरा. पडद्याचे तिरके तीन तुकडे करून तिघं एकाच वेळी दिसतात. त्याच वर्षी युनिव्हर्सल सिटीची, म्हणजे स्टुडिओच्या वसाहतीची, महापौर म्हणूनही ती निवडून आली. स्टुडिओतल्या लोकांचीच ती निवडणूक, निम्मी हौसेची. पण कॅलिफोर्नियात बायकांना मत मिळून तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती.

इथवर ऐकलं की इकडचे आपले लोक खूश होतात. मंडळाच्या गणपतीत एक काका म्हणालेच, "बघ, हे लोक तेव्हापासूनच पुढे." मला हे पटत नाही. तेव्हा सिनेमाच्या धंद्याला पत नव्हती, म्हणून दार उघडं होतं. युनिव्हर्सलमध्ये अनेक बायका दिग्दर्शन करत. विसाच्या दशकात वॉल स्ट्रीटचा पैसा आला, बड्या स्टुडिओंनी थिएटरं ताब्यात घेतली, छोट्या कंपन्या बुडाल्या आणि बायका एकेक करून बाहेर गेल्या. तिसाच्या दशकात मोठ्या स्टुडिओत नाव घ्यावं अशी डोरोथी आर्झनर जवळपास एकटीच उरली. दिग्दर्शनाचं ऑस्कर बाईला मिळायला २०१० उजाडलं. याला पुढे असणं म्हणायचं?

वेबरचा 'शूज' (१९१६) मी रात्री घरीच लॅपटॉपवर पाहिला. दुकानात काम करणारी ईव्हा, आठवड्याला पाच डॉलर पगार, तो सगळा घरात जातो. बाप पलंगावर पडून स्वस्त कादंबऱ्या वाचतोय. तिच्या बुटांचे तळ गेलेत, म्हणून ती रोज रात्री पुठ्ठा पायाच्या मापाने कातरते आणि आत बसवते. दुसऱ्या दिवशी पाऊस, पुठ्ठ्याचा लगदा. शेवटी नव्या बुटांच्या जोडीसाठी ती स्वतःला विकते, आणि घरी येते तर बापाला नोकरी लागलेली. तिच्या हातातली कात्री पाहताना मला आमचे नाना आठवले. जूनमध्ये शाळेच्या ओल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबत बसायचे. आम्हाला निदान दुसऱ्या वर्षी नवे मिळायचे.

याच वर्षी तिने 'व्हेअर आर माय चिल्ड्रन?' काढला, संततिनियमनावर. त्याने युनिव्हर्सलला रग्गड पैसा मिळवून दिला आणि पेन्सिल्व्हेनियात त्यावर बंदी आली. आपल्याकडे र. धों. कर्व्यांचं केंद्र निघालं १९२१ मध्ये. आज तो चित्रपट बघवत नाही हेही सांगायला हवं. गर्भपाताला विरोध, आणि मुलं कुणी होऊ द्यावीत कुणी नाही हा गरिबांवरचा शहाणपणा त्यात ठासून भरलाय. बाई थोर होती म्हणून तेवढं झाकायचं कारण नाही.

पुढे स्वतःची कंपनी, १९२१ चा 'द ब्लॉट', मग घटस्फोट, मग कामं तुटली. १९३४ चा शेवटचा चित्रपट आज हरवलेला आहे. १९३९ मध्ये ती गेली तेव्हा जवळ पैसा नव्हता. अंत्यसंस्काराचा खर्च फ्रान्सिस मॅरियन या पटकथालेखक मैत्रिणीने केला. आणि आपले फाळके? १९३७ मध्ये 'गंगावतरण', मग नाशिक, १९४४ मध्ये हलाखीत मृत्यू. धंदा बदलला तसे दोघंही त्याला नकोसे झाले.

हॉलिवूड बुलेव्हार्डच्या फुटपाथवर वेबरच्या नावाचा तारा आहे. मी गेले तेव्हा त्यावर टोप्या विकणाऱ्याची ढकलगाडी उभी होती. 'शूज' आज पाहता येतो तो त्या ताऱ्यामुळे नाही. ॲमस्टरडॅमच्या संग्रहालयात त्याची जुनी रिळं टिकली, ती कुणीतरी दुरुस्त केली, म्हणून. अमेरिकेतले साधारण ७० टक्के मोठे मूकपट कायमचे गेले आहेत. आपल्याकडे तर मूठभरच उरलेत. 'पुंडलिक', ज्यावरून आतेभाऊ दरवर्षी भांडतो, तो आज पाहायलाच मिळत नाही. 'हरिश्चंद्र'ची चारपैकी दोन रिळं आहेत, आणि तीही १९१७ च्या दुसऱ्या आवृत्तीची असावीत असं काही अभ्यासक म्हणतात. २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्मच्या, म्हणजे जुन्या, चटकन पेटणाऱ्या फिल्मच्या कोठारांना आग लागली, तेव्हा आमच्या ग्रुपचे बरेचसे सभासद तिथून दोन-तीन किलोमीटरवर राहत होते. त्या आगीबद्दल ग्रुपवर मी एकदाही चकार शब्द वाचलेला नाही.

म्हणून या १८ मेला मी सरळ विचारलं: फाळक्यांची ती दोन रिळं तुमच्यापैकी कुणी बघितली आहेत? बराच वेळ निळ्या टिक नुसत्या दिसत राहिल्या. मामाने हात जोडलेला इमोजी टाकला. मग आत्याचा मेसेज आला, "लिंक पाठव. किती वेळाचा आहे गं? कुकर लावायचाय."