पेन्शन खाण्याबद्दल : एका प्रतिक्रियेला उत्तर

गेल्या आठवड्यात ‘वेढा’ या नावाने मी एक लेख इथं टाकला होता. पन्हाळ्यावरच्या अंबारखान्यापासून, म्हणजे गडावरच्या धान्याच्या कोठारांपासून सुरुवात करून, इराकवर १९९० पासून जवळजवळ तेरा वर्षं जे आर्थिक निर्बंध होते तिथपर्यंत आलो होतो. म्हणणं एवढंच होतं की निर्बंध हे युद्धच आहे, फक्त मार खाणाऱ्याच्या हातात हत्यार नसतं. त्याखाली कोल्हापूरच्याच एका वाचकाने लिहिलं. ती प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचा मजकूर असा:

‘काका, पाच लाख मुलं मेली हा आकडा केव्हाच खोटा ठरलाय, तुम्ही अजून तोच उगाळताय. पन्हाळा कुठं, बगदाद कुठं! युद्ध नको, निर्बंधही नकोत, मग सद्दामची आरती करायची होती का? दक्षिण आफ्रिका निर्बंधांनीच वठणीवर आली. आणि आयुष्यभर बंदूक हातात धरून आता पेन्शन खात शांततेचं कीर्तन करणं सोपं असतं.’

आधी आकड्याचं. निर्बंधांमुळे इराकमध्ये पाच लाख मुलं मेली, असं मी लेखात लिहिलं होतं. तुमचं बरोबर आहे. २००३ नंतर इराकमध्ये ज्या पाहण्या झाल्या त्यांत बालमृत्यूंची तशी उसळी सापडली नाही, आणि २०१७ मध्ये दोन संशोधकांनी एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात दाखवून दिलं की आधीची आकडेवारी सद्दामच्या सरकारने फिरवलेली होती. मी जुन्या वाचनावर विसंबून लिहून गेलो. लेखात दुरुस्ती केली आहे. चूक दाखवलीत, आभार.

पण तो आकडा खोटा ठरला म्हणून माझं बोलणंच खोटं ठरलं, असं मात्र नाही. मे १९९६ मध्ये अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर मॅडलिन ऑलब्राइट यांना हाच आकडा सांगून विचारलं होतं की एवढी किंमत योग्य आहे का. त्या तेव्हा संयुक्त राष्ट्रांत अमेरिकेच्या राजदूत होत्या. त्यांनी आकडा नाकारला नाही. किंमत योग्य वाटते, असं उत्तर दिलं. पुढं त्यांनी त्या उत्तराबद्दल खेद व्यक्त केला, हेही खरं. माझा आक्षेप त्या उत्तरावर होता आणि आजही आहे. पाच लाख मुलं असोत की पाच हजार, ‘चालेल’ हे आधीच ठरलेलं होतं.

आता शेवटचं वाक्य. ते वाचलं त्या रात्री मला जेवण गेलं नाही. आमच्या हिने विचारलं काय झालं, तर तिला सांगताही येईना.

तुम्ही मला काका म्हणता आणि चार ओळींखाली ‘पेन्शन खात’ म्हणता. या दोन्हींची सांगड मला घालता आली नाही. आपल्याकडं लोक लाच खातात, कमिशन खातात, सोसायटीचे पैसे खातात. पेन्शन खात नाहीत. पेन्शन मिळते, आणि ती कशाबद्दल मिळते हे तुमच्या घरात कुणी फौजेत गेलं असतं तर तुम्हाला सांगावं लागलं नसतं. कोल्हापूर जिल्ह्यात राहून हे शिकवायची वेळ यावी याचं वाईट वाटतं. सैनिक टाकळी हे गाव आपल्याच जिल्ह्यात आहे. त्याच्या नावात ‘सैनिक’ का आहे, जाऊन विचारून या.

मी १९८४ साली भरती झालो. पन्हाळ्याच्या पायथ्याचा पोरगा. दीड एकर ऊस, तीन भाऊ, थोरला गुऱ्हाळावर गुळव्या. बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या सेंटरात ट्रेनिंग झालं, आणि १९८७ च्या ऑक्टोबरात मी श्रीलंकेत जाफन्यात होतो. २९ जुलैला भारत-श्रीलंका करार झाला होता, आपण शांतिसेना म्हणून गेलो होतो, आणि १० ऑक्टोबरपासून ज्यांच्यात शांतता राखायची त्यांच्याशीच, तमिळ वाघांशी (एलटीटीई), लढाई जुंपली. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परत आली तोवर आपले सुमारे १,२०० जवान गेले होते. त्यांतला एक माझ्या शेजारच्या खाटेवरचा, गडहिंग्लजकडचा. सुरुंगाने गेला. त्याचं नाव लिहीत नाही, कारण त्याची आई अजून आहे. वीस वर्षांनी मी हवालदार म्हणून बाहेर पडलो. ही माझी पेन्शन.

आणि ‘सोपं असतं’ म्हणालात म्हणून, काय सोपं असतं तेही सांगतो. हे मी आजवर लिहिलेलं नाही.

आमच्या चौकीवर हुकूम होता: टॉर्चचे सेल, वायर, युरिया पुढं जाऊ द्यायचं नाही. हुकूम चुकीचा नव्हता. सुरुंगाला तेच सेल लागायचे. एका संध्याकाळी सायकलवरून एक माणूस आला, मास्तरासारखा दिसणारा, चष्मा लावलेला. पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेले सहा सेल. त्या भागात वीज नव्हती. मला तमिळचे तीनच शब्द येत: निल्लु, पो, तण्णी. थांब, जा, पाणी. तो मला समजावं म्हणून इंग्रजीतले सुटे शब्द बोलायला लागला. वाइफ. बेबी. टुनाइट. मग हाताने टॉर्च धरल्यासारखं करून दाखवलं. मला सगळं समजलं. मी सेल काढून घेतले आणि ‘पो’ म्हणालो.

तीन दिवसांनी तो पुन्हा आला. सायकल नव्हती, चालत आला. झडतीसाठी त्याने मी सांगायच्या आधीच हात वर केले आणि माझ्या खांद्यावरून पलीकडं कुठंतरी बघत राहिला. मी काही विचारलं नाही. विचारायला भाषा नव्हती, असं मी पुढं कितीतरी वर्षं स्वतःला सांगत होतो. पण ज्या दोन शब्दांत त्याने मला सांगितलं होतं, त्याच दोन शब्दांत मला विचारता आलं असतं.

आणखी एक गोष्ट तुम्हाला कदाचित माहीत नसेल. त्याच वर्षी ४ जूनला आपल्याच हवाई दलाच्या विमानांनी जाफन्यावर अन्न टाकलं होतं, सुमारे २५ टन. कोलंबोच्या सरकारने त्या भागाची रसद आवळली होती म्हणून. तेव्हा आपण म्हणत होतो की निःशस्त्र माणसांची अशी कोंडी करणं पाप आहे. चार महिन्यांत त्याच मुलखात, चौकीवर, काय आत जाईल आणि काय नाही हे ठरवायला मी उभा होतो.

म्हणून इराकबद्दल वाचतो तेव्हा मला भाषण सुचत नाही, ती पिशवी दिसते. इराकने कुवेतवर हल्ला केला २ ऑगस्ट १९९० ला, आणि चार दिवसांत सुरक्षा परिषदेने ६६१ क्रमांकाचा ठराव केला. कुठला माल इराकमध्ये जाईल हे तपासायला परिषदेच्या पंधरा देशांची समिती बसली. त्यांतल्या कुठल्याही एका देशाने बोट ठेवलं की सौदा अडकला. क्लोरीनवर संशय, कारण त्यातून विषारी वायू होतो. शिसपेन्सिलीसुद्धा अडकल्याच्या तक्रारी झाल्या, का तर त्यात ग्राफाइट असतं. तिकडं १९९१ च्या बॉम्बफेकीत वीजकेंद्रं उडालेली, वीज नाही म्हणून पंप बंद, पंप बंद म्हणून सांडपाणी नदीत, आणि तीच नदी लोक पीत होते. पंचगंगेच्या दूषित पाण्याने काविळीची साथ आली की आपलं शहर कसं हादरतं ते तुम्ही पाहिलं असेल. तिथं हे वर्षानुवर्षं चाललं.

समितीतल्या कारकुनाची संशयाची कारणं माझ्या सेलच्या कारणासारखीच होती. प्रत्येक कारण खरंच असू शकतं. फरक एवढाच की मला तो माणूस पुन्हा दिसला. न्यूयॉर्कमध्ये सही करणाऱ्याच्या चौकीवर कुणीच हात वर करून उभं राहिलं नाही. १३ फेब्रुवारी १९९१ ला बगदादमधल्या अल-अमिरियाच्या आश्रयस्थानावर बॉम्ब पडले आणि ४०० हून जास्त माणसं गेली. ते जगाने टीव्हीवर पाहिलं, लाजही वाटली असेल. दूषित पाण्याने गेलेलं पोर कुणाच्या नावावर मांडायचं? लढाईत नागरिकांना उपाशी मारू नये, असं १९७७ च्या जिनिव्हाच्या जादा करारात लिहिलेलं आहे. निर्बंधांना लढाई म्हणायचंच नाही असं एकदा ठरवलं की तो कागदही कामाचा राहत नाही. माझा सगळा नैतिक आक्षेप, तुम्ही ज्याला कीर्तन म्हणालात तो, इथं आहे. सैनिकाला निदान आपण काय केलं ते माहीत असतं.

हे फक्त माझ्यासारख्या हवालदाराला वाटतं असं समजू नका. बगदादमध्ये संयुक्त राष्ट्रांचं मदतकार्य सांभाळणारे डेनिस हॅलिडे यांनी १९९८ मध्ये राजीनामा दिला. चौतीस वर्षांची नोकरी होती त्यांची. त्यांच्या जागी आलेले हान्स फॉन स्पॉनेक यांनीही २००० साली तेच केलं. ज्यांच्या हातून धान्य वाटलं जात होतं ते दोघेही सोडून गेले. त्यांनाही तुम्ही पेन्शन खाणारे म्हणाल का?

‘पन्हाळा कुठं, बगदाद कुठं’ म्हणालात. पन्हाळा कोल्हापूरपासून वीस किलोमीटरवर आहे, रविवारी तिथं झुणका-भाकरी खायला सगळेच जातात. अंबारखान्याची ती तीन कोठारं, गंगा, यमुना, सरस्वती, तिथं फोटो काढून लोक परत येतात. एवढं धान्य भिंतीआड कशासाठी साठवायचे, हा प्रश्न मनात आला का कधी? भूक हे हत्यार आहे हे गड बांधणाऱ्याला ठाऊक होतं. १६६० मध्ये सिद्दी जौहर गडाखाली चार महिने बसून होता ते याच हिशेबाने. आणि ज्यांनी स्वतः तो वेढा सोसला त्या शिवरायांनी आपल्या लष्कराला काय ताकीद दिली? चिपळूणच्या छावणीला लिहिलेलं पत्र शाळेत शिकलात ना? रयतेला काडीचीही तोशीस देऊ नका, दाणा-वैरण लागली तर पैसे मोजून बाजारातून घ्या. स्वतःच्या मुलखातल्या सैन्याला लिहिलेलं आहे ते, मान्य. पण शिपायाने रिकाम्या हाताच्या माणसाशी कसं वागावं याचा धडा मला दुसरीकडून आणावा लागत नाही.

सद्दामच्या आरतीचं. तुम्ही माझा लेख नीट वाचला असता तर हे लिहिलं नसतं. सद्दामने कुर्दांवर काय केलं ते मी त्या लेखातच लिहिलं आहे. उलट निर्बंधांनी त्याचंच फावलं. बाहेरून माल बंद झाल्यावर पीठ, तांदूळ, तेल, साखर हे सगळं त्याच्या सरकारच्या रेशनकार्डावर मिळू लागलं. म्हणजे घराघरातली चूल त्याच्या हातात गेली. १९७२ च्या दुष्काळात मी सात वर्षांचा होतो. लाल मिलोसाठी आई रांगेत उभी असायची आणि मी तिच्या पदराला धरून. रेशन दुकानदाराला गावात कुणी उलटून बोलत नव्हतं, पाटीलसुद्धा नाही. पोटासाठी ज्याच्या दारात उभं राहायचं त्याच्याविरुद्ध बंड कोण करणार? आधी तिकडच्या लोकांना त्या दारात उभं करायचं आणि मग त्यांनीच हुकूमशहा उलथून टाकावा म्हणून वाट बघायची, याला धोरण म्हणता येत नाही. तो पडला तो २००३ मध्ये, सैन्य घुसल्यावरच. त्या युद्धाबद्दल माझं मत ‘वेढा’मध्ये आहे, पुन्हा लिहीत नाही.

दक्षिण आफ्रिकेचं एका ओळीत संपवतो, कारण तो वेगळा विषय आहे. तिथं बहिष्काराची मागणी वर्णभेदाखाली पिचलेल्या लोकांच्या पुढाऱ्यांनीच केली होती, आणि आपल्या देशाने १९४६ मध्येच तिथला व्यापार थांबवला याचा मला अभिमान आहे. कुणाला बंदुका विकू नका म्हणणं आणि कुणाच्या पाण्यातलं क्लोरीन अडवणं, हे एकाच नावाखाली घालू नका.

‘कीर्तन’ या शब्दाबद्दल लिहिणार नव्हतो, पण लिहितो. माझे वडील आयुष्यभर वारीला गेले. अशिक्षित माणूस. जाफन्याहून सुट्टीवर आलो तेव्हा फक्त त्यांना मी त्या सहा सेलबद्दल सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, ‘त्याचं नाव तरी विचारायचं होतंस.’ तुम्हाला जो शब्द टोमणा म्हणून सुचला तो आमच्या घरात असा नव्हता.

तुमच्या नावाखाली गंगावेश लिहिलेलं आहे. म्हणजे रंकाळा तुमच्यापासून दहा मिनिटांवर. शालिनी पॅलेसच्या बाजूला मी रोज संध्याकाळी साडेपाच ते सात बसलेला असतो. आकड्याबद्दलचं तुमचं म्हणणं मी मानलं आहे, बाकीचं तिथं येऊन समोरासमोर बोला. जे वाक्य लिहिलंत तेही तिथंच म्हणा.